बहिऱ्या कानातली चरचर

कानातला पू मेंदूपर्यंत गेला, तेव्हा रक्षा ऑपरेशनमुळे वाचली. डावा कान मात्र कायमचा बहिरा झाला. आज भरदुपारी त्याच कानात तेलात लसूण चरचरू लागला.

तिने स्वयंपाकघरात पाहिलं. गॅस बंद होता.

ओसरीवर सासूबाई, अनुसयाबाई, लसणाच्या गार तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. समोर रक्षाची लेक काजल, वाहता कान धरून.

"दोन थेंब टाकतो, थांबून जाईन."

"माह्याबी कानात हेच टाकलं होतं, आत्याबाई. पोरीच्या कानात नाई टाकू देत."

"मोठी डॉक्टरीण आली!"

रक्षाने वाटी मोरीत उपडी केली आणि गाडीची किल्ली उचलली. "चाल काजल, वर्ध्याले. दवाखान्यात."

चरचर वाढतच गेली.

"आई," काजल कान दाबत म्हणाली, "तेल तर सांडलं. मंग माह्या कानात लसूण कोण तळून राह्यलं?"