उंबराचं पाणी

विहीर सकाळीच पंप लावून रिकामी केली होती. आता तळाचे झरे ती किती वेगाने भरतात, एवढंच राजाध्यक्षांना बघायचं होतं. कठड्यावर बसून ते मोजपट्टी आत सोडत होते, आणि पाणी इतकं सावकाश चढत होतं की त्यांना डुलकी लागायचीच बाकी होती.

राजाध्यक्ष शास्त्रज्ञ. गिरण्यांना, वीजघरांना, कारखान्यांना किती पाणी लागतं याचा अंदाज बांधणं हे त्यांचं सरकारी काम, आणि महायुद्ध सुरू झाल्यापासून या कामाने त्यांना उसंत दिली नव्हती. इथे उत्तनला एका कंपनीला बर्फाचा कारखाना काढायचा होता आणि तो चालवायला छोटंसं वीजघर. यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी चालतं. बॉयलरला मात्र गोडंच लागतं, आणि रोज लागतं. गावात गोडं पाणी होतं ते या एकाच विहिरीत. तिने आज भरपूर पाणी दाखवलं, तर कंपनी ती ताब्यात घेणार होती. मग गावातल्या बायांनी घागरी घेऊन पलीकडच्या डोंगरी गावापर्यंत पायपीट करायची.

गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, परीक्षेच्या दिवशी विहिरीत कोणी पोहरा टाकायचा नाही. गावाने शब्द पाळला होता. कंपनीचा माणूस कोठारे तेवढा चिंचेखाली येरझारा घालत होता.

ऊन कलायला लागलं आणि वाडीकडून बँड ऐकू आला. पुढे क्लॅरिनेट, मागे घुमटाचा ठेका, त्यामागे ठेवणीतल्या लुगड्यांतल्या बाया, डोक्यावर घागरी. सगळ्यांच्या पुढे इनेझ. तिच्या मुलाचं, कॅजिटनचं, उद्या लग्न होतं. आदल्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आंघोळीसाठी वाजतगाजत विहिरीचं पाणी न्यायचं, त्याला इथे उंबराचं पाणी म्हणतात. राजाध्यक्षांना कोणीतरी तेवढं समजावून सांगितलं. एका घागरीने काय बिघडतंय, असं म्हणत त्यांनी हसून जागा करून दिली.

बायांनी डोक्यावरच्या घागरी उतरवल्या आणि एकेक करून विहिरीत ओतल्या.

"अहो! अहो, हे काय करताय?"

बँडपुढे त्यांचं कोण ऐकणार? भरल्या घागरी येतच राहिल्या. पोहरा टाकू नका, हे त्यांनी बजावलं होतं. पाणी ओतू नका असंही सांगावं लागतं, हे त्यांना कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

शेवटी इनेझने कॅजिटनची घागर भरून घेतली आणि समाधानाने त्यांच्याकडे वळली. "घाबरू नका सायब. रिकाम्या इहिरीतनं लग्नाचं पानी काढत न्हाय आमच्यात. घराघरांत कालचं भरून ठेवलेलं होतं, ते आनलं. आता तुमचा बी मान राहिला. चांगली भरलेली दिसते का न्हाय?"

तेवढ्यात कोठारे धावत आला. आत डोकावला आणि त्याचा चेहरा फुलला. "वा! ही तर पोटभर पाणी देतेय. घ्या, माप घ्या."

"ओतलेलं आहे ते, कोठारे."

"विहिरीत आहे ना? मग विहिरीचंच. पंप उद्या पहाटे दुसऱ्या गावी जातोय, पुन्हा परीक्षा घ्यायला वेळ कुणाला आहे? मी डोळ्यांनी बघितलं तेच वर सांगणार."

राजाध्यक्षांना मनापासून वाईट वाटलं. झरे किती मंद होते ते त्यांनी दिवसभर बघितलं होतं, पण माप अर्धवट राहिलं तर त्या बघण्याला कोण विचारतो? ते इनेझकडे वळले.

"बाई, ही विहीर आज जेवढी भरलेली दिसेल, तेवढी ती तुमच्या हातची गेली. कंपनी हेच पाणी बॉयलरला नेणार."

क्लॅरिनेट मध्येच थांबलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मंग आता?" इनेझने विचारलं.

"जिने जेवढं ओतलं, तेवढं तिने परत काढायचं. म्हणजे माझं माप पुन्हा खरं होईल. पण आत्ताच्या आत्ता काढायला हवं."

इनेझची जाऊ ग्रेसी पुढे आली. "लग्नाच्या आदल्या दिसाला इहीर रिकामी करायची? इनेझ, असं कोन करत न्हाय गो. उद्या सून यायची हाय घरात."

बॉयलरची तहान राजाध्यक्षांना मोजता येत होती. एका आईच्या मनातली ही भीती कशात मोजायची, ते त्यांना कळेना, आणि आपण हे मागतोय याची त्यांना लाजही वाटली. मोजपट्टी गुंडाळून निघून जावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं.

इनेझ कठड्यावर वाकून आत बघत राहिली. भर मे महिन्यात एवढं पाणी तिने या विहिरीत कधी बघितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मग तिने कॅजिटनची घागर ग्रेसीच्या हातात दिली, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि पोहरा आत सोडला.

"सून यायची हाय म्हनूनच काढतेय," ती म्हणाली. "उद्यापासनं हितं पानी भरायला तिलाच यायचं हाय."