कोचामागची खुर्ची

कोचाच्या उशामागची खुर्ची रोज चार वाजून दहा मिनिटांनी एकदाच करकरायची. लाकूड आकसत असेल, अशी मनोविश्लेषक डॉक्टरबाईंनी आठवडाभर स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्याचं मन उकलण्याआधी स्वतःचं उकलायचं, या शिरस्त्याने शिकताना त्या रोज चार वाजून दहा मिनिटांनी याच कोचावर पडून सरांशी बोलायच्या. सर मागे, नजरेआड बसत. खुर्ची करकरली की समजायचं, ते पुढे झुकलेत. दुपारचं ऊन पायांवर यायचं, सगळं सांगून टाकावंसं वाटायचं. फक्त बाबांचा विषय निघाला की त्या गप्प होत. सरांना जाऊन आता अकरा वर्षं झाली होती; त्यांचा कोच आणि खुर्ची बाईंच्या दवाखान्यात आली होती.

आज धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, जगाची मनं ओळखतेस, मग बाबांचं एकदा ठरव की! तुझ्या घरी की वृद्धाश्रमात?"

"सांगते रे," त्या वर्षभर म्हणत होत्या तेच म्हणाल्या.

फोन ठेवून त्या कितीतरी वर्षांनी कोचावर आडव्या झाल्या. चार वाजून दहा मिनिटांनी खुर्ची करकरली. मग कधी नव्हे ती दुसऱ्यांदा, अगदी कानाशी. केसांना कुणाचा तरी श्वास लागला.

मागे न बघता त्या म्हणाल्या, "सर, बाबांना मी घरी आणणार नाही. मला अजून त्यांची भीती वाटते."