परीक्षेतली पेशंट

"मेले गं बाई, मेले! छातीवर कुणीतरी बसलंय!" खाटेवरची म्हातारी अशी काही विव्हळली की परीक्षक डॉक्टरांनाही हसू आवरेना. आधीच्या सिस्टरांच्या वेळीही तिने असाच वॉर्ड डोक्यावर घेतला होता. परीक्षेत पेशंटचं सोंग घ्यायला इतकं हौशी माणूस शोधून सापडलं नसतं.

आता नंबर तिच्या सुनेचा होता. डॉक्टर जागेवर नसताना अत्यवस्थ पेशंट कसा सांभाळायचा, हे या आडगावच्या दवाखान्यातल्या नर्सना शिकवलं जात होतं. सून एकदा नापास झाली होती. आज पुन्हा तेच झालं, तर जन्मभर जखमा पुसत बसावं लागणार होतं. सासू नसती, तर ती इथवर पोचलीच नसती. दिवसभर नातीच्या मागे धावून ही बाई संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "चल, ओळख बघू आज मला काय झालंय." तिचे उपकार कसे फेडावेत, हे सुनेला कळत नसे.

परीक्षेचा नियम साधा होता. उपचार तोंडी सांगायचे, प्रत्यक्ष काही द्यायचं नाही. सुनेने नाडी बघायला सासूचा हात धरला. तो गार पडला होता आणि घामाने ओला झाला होता. साप चावण्यापासून फिट येण्यापर्यंत सासूला सगळी सोंगं यायची, पण घाम काही आणता यायचा नाही.

"आई, नाटक पुरे. खरंच दुखतंय का?"

"पेशंटशी घरच्या गप्पा नकोत," डॉक्टर म्हणाले. "पुढचं सांगा, नाहीतर मार्क जातील."

"जाऊ देत, सर. ही परीक्षा नाही," असं म्हणून तिने ईसीजीच्या वायरी सरळ सासूच्या छातीवर लावल्या.

कागदावरची रेघ पाहून डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते पुढे येईपर्यंत सुनेने गोळी चावायला दिली होती, हाताला सुई लावली होती आणि अँब्युलन्स दारात बोलावली होती. डॉक्टरांना फक्त मान हलवायचं काम उरलं.

अँब्युलन्समध्ये सासूच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. सुनेला रडू आवरेना. "आई, हे सगळं तुमच्यामुळे शिकले हो मी. पण दुखायला लागलं कधी?"

"सकाळपासूनच," म्हातारी हळूच म्हणाली. "तुझा नंबर येईपर्यंत दम धरला. बाकीच्या पोरींना काय मी शिकवलंय?"