चुन्याचा दगड

सकाळी अकराला व्यंकटराव आणि त्यांची मुलगी शिल्पा नांदेडच्या वजिराबादेत घड्याळाच्या दुकानात शिरले. मुखेडजवळच्या गावातून दोघं पहिल्या एसटीने आले होते. शिल्पाला पळताना अंतर मोजणारं घड्याळ हवं होतं.

काउंटरवरच्या मनिषाने दोन घड्याळं पुढे ठेवली. "हे पावलं मोजतं आणि अंतराचा अंदाज सांगतं. त्या दुसऱ्यात जीपीएस आहे. ते उपग्रहावरून नेमकं अंतर घेतं. कॅलरी दोन्ही दाखवतात."

"पहिलं द्या," व्यंकटराव म्हणाले.

"अण्णा, मला नेमकं पाहिजे."

"उपग्रह कशाला लागतोय? तुला काय चंद्रावर पळायचंय?"

मनिषा हसली. "पोलीस भरती का?"

"हाव. आठशे मीटर," शिल्पा म्हणाली.

"मग दुसरंच घ्या. कॅलरीपण याच्यात जरा बरोबर येतात."

"कॅलरीचं ऱ्हाऊ द्या," व्यंकटराव म्हणाले. "तिसरी भाकरी मागितली की तिच्या मायला कळतंय किती जळाल्या ते."

शिल्पाने शिकवण्यांतून साठवलेले पैसे काढले आणि जीपीएसचं घड्याळ मनगटावर बांधलं. व्यंकटरावांनी एवढंच विचारलं, "न्हाई पटलं तर वापस घेता का?"

भरतीची ही तिची तिसरी खेप होती. बापलेकीत ठरलं होतं: यंदा नाही जमलं तर देगलूरचं स्थळ. मुलगा बँकेत होता, माणसं चांगली होती. शिल्पाने तसा शब्द दिला होता.

गावात तिचा सराव शाळेच्या फाटकापासून चुन्याने रंगवलेल्या दगडापर्यंत चालायचा. सरळ रस्ता, आठशे मीटर. अंतर व्यंकटरावांनी मोजलं होतं. रोज पहाटे ते दगडापाशी मोबाइल घेऊन वेळ लावत. दर रविवारी दगडाला नवा चुना देत. रस्त्याकडेला हॉटेल चालवणारे महादेवप्पा गिऱ्हाइकांना सांगत, "पळणाऱ्या पोरी लई हायेत. असा बाप एखादीलाच."

तीन मिनिटांच्या आत यायला हवं होतं. चार महिन्यांपूर्वी तिला तीन मिनिटं दहा सेकंद लागत. आजही तेवढेच लागत होते. या काळात तिने एकही सकाळ चुकवली नव्हती. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, तेव्हा चिंधी बांधून पळाली होती. दमसास वाढला होता, पाऊल लांब पडत होतं. वेळ मात्र हलत नव्हती.

"थकली हो पोरगी," तिची आई केवळाबाई एकदा नवऱ्याला म्हणाली. "बास म्हणा की तिला."

"मी म्हणणार न्हाई. तिनं आपल्या तोंडानं म्हणावं."

केवळाबाईला नवऱ्याचं कौतुक वाटलं. तिने ते शेजारणीला सांगितलंही.

घड्याळाने पहिल्याच दिवशी आठशेच्या जागी आठशे ऐंशी दाखवलं.

"म्हणलो न्हवतो?" व्यंकटराव म्हणाले. "बिघडलेलं दिलंय."

शिल्पा पुन्हा नांदेडला गेली. मनिषाने कुरकुर न करता दुसरा नग दिला आणि सहज विचारलं, "ताई, ते आठशे मोजलंय कुणी?"

"आमच्या अण्णांनी."

मनिषाने नवं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं.

सोमवारी दुसऱ्या घड्याळाने नऊशे पाच दाखवलं.

"बघ," व्यंकटराव म्हणाले. "दोन घड्याळं, दोन मतं."

शिल्पाला ते पटलं. घड्याळ तिने मनगटावर ठेवलं, पण अंतराकडे बघणं सोडलं. पळणं सोडलं नाही.

चाचणी नांदेडच्या मैदानावर सकाळी सातला झाली. शिल्पा तिच्या तुकडीत पहिली आली. दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद. मनगटावर आकडा होता आठशे तीन. धाप ओसरेपर्यंत ती त्या आकड्याकडे बघत उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये तिने घड्याळ वडिलांपुढे धरलं. त्यांनी पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"मला सांगितलं का न्हाई, अण्णा?"

"सांगितलं असतं तर पळाली असतीस काय?"

बातमी फोनवरून आधीच गावात पोचली होती. हॉटेलपुढे माणसं जमली होती. शिल्पाने घड्याळाची हकिगत सांगितली तसा महादेवप्पांनी टेबलावर हात मारला.

"अरे, मग दगड लांब सरकवला होता की ह्यानं! दर रविवारी चुना लावायच्या निमित्तानं. आठशे म्हणून पोरीला नऊशे पळवली. आन् चेहऱ्यावर दिसू दिलं न्हाई बघा. ह्याला म्हणायचं बाप."

माणसं हसली. कुणीतरी पळत जाऊन टॉवेल-टोपी आणली. महादेवप्पांनी ती व्यंकटरावांना घातली. ते मान खाली घालून बसले होते. शिल्पा वाकून त्यांच्या पाया पडली. केवळाबाईने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मांडववाल्या सोमेशचा टेम्पो येऊन थांबला. त्याने खिडकीतून डोकं काढलं. "अण्णा, दारातच टाकायचा न्हवं?"

"बघा, सत्काराचा मांडवसुद्धा आला," महादेवप्पा म्हणाले. "एवढ्या झटपट कुणी सांगितला रे?"

"सत्कार कुणाचा?" सोमेशने विचारलं. "शिल्पाताईचा साखरपुडा हाय की उद्या. देगलूरचे पाव्हणे सकाळीच निघणार हायेत. अण्णांनी तर महिन्याखालीच सांगून ठेवलंय."

मागे गड्यांनी बांबू उतरवायला सुरुवात केली होती.