पायातला ब्रेक

पेट्रोल भरून सूर्यकांत पंपापासून कडुलिंबापर्यंत एकटाच आला. तिथं थैली घेऊन उभ्या असलेल्या अनुसूयापुढं, आपल्या बायकोपुढं, त्यानं बुलेट थांबवली, तेव्हा गाडीनं बैलासारखी मान खाली घातली. अनुसूया बघतच राहिली. सकाळपासून ती याच गाडीवर मागं बसून आली होती. गावातून निघताना गाडी थांबली, कळमनुरीच्या बाजारात तर किती वेळा थांबली. पण तेव्हा गाडीनं एकदाही मान खाली घातली नव्हती. दर वेळी मागचं अंग जरासं खाली बसायचं आणि गाडी गुमान उभी राहायची.

गाडी तीच, चालवणारा तोच. मग थांबायच्या तऱ्हा दोन कशा? तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

खरं तर आज तिच्यापुढं काळजी वेगळीच होती. लग्न होऊन महिना झाला होता आणि ती पहिल्यांदाच कुरुंद्याला माहेरी चालली होती. दारात थोरली बहीण गंगूताई उभी असणार आणि पहिलाच सवाल टाकणार, कसा हाय गं माणूस? सांगायचं काय? घर माणसांनी भरलेलं. नवरा मलेरिया खात्यात, सकाळीच गावोगाव निघून जायचा. परत आला की वडलांशी बोलायचा, भावांशी बोलायचा. तिच्या वाट्याला 'जेवलीस का' एवढंच. कधी तिला वाटे, माणूस भला आहे. कधी वाटे, आपण याला आवडलेलोच नाही. आणि ताईपुढं खोटं बोलायचं तर जिवावर आलं होतं.

ती दोन्ही पाय डावीकडं सोडून मागं बसली आणि थैली दोघांच्या मध्ये ठेवली. सासूबाईंचा तसा हुकूमच होता, चारचौघांत नवऱ्याला खेटून बसायचं नाही. मग मागची लोखंडी कडी धरून तिनं नजर लावली ती थेट नवऱ्याच्या डाव्या चपलेवर.

डांबरी सडकेवर शेळ्या आडव्या आल्या. डावी चप्पल हळूच दबली, गाडीचं मागचं अंग बसलं, थैली जागची हलली नाही. पुढं बैलगाडी आली. पुन्हा चप्पलच. उजव्या मुठीपुढच्या चकचकीत दांडीला त्यानं बोटसुद्धा लावलं नाही.

कुरुंद्याचा फाटा जवळ यायला लागला तसं तिला राहवेना. महिन्याभरात तिनं आपणहून नवऱ्याला काही विचारलं नव्हतं, ते आज विचारलं.

"अवो, मघा लिंबापाशी गाडी येगळी थांबली. आता येगळी थांबून राहिली. काहून?"

गाडीचं विचारलं म्हणताना सूर्यकांतची जीभ सुटली. "मुठीतला ब्रेक फुडच्या चाकाला, ह्यो बुलेटचा डाव्या पायातला मागच्या चाकाला," तो फटफटीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "मुठीतल्यानं लौकर थांबती, पण मुरमावर फुडचं चाक घसरतंय. मुरूम आला की पायातलाच बराबर."

"पण ही तर डांबरी हाय."

"मुठीतला मारला की मागचं वजन फुडं येतंय. थैलीत पेढे हायेत ना, चेंगरतील."

"पेढे न्हाईत. ताईला लुगडं घेतलंय. लुगडं काय चेंगरतंय?"

मागून तिला त्याचे कान तेवढे दिसत होते. ते लालभडक झाले.

"तू फुडं येशील," शेवटी तो वळून न बघता म्हणाला. "माझ्या अंगावर. तुला चालंल का न्हाई, ते कोणी इचारलं तुला? लगीन ठरवताना बी न्हाई इचारलं. मंग मीच कसा..."

अनुसूयाला रडू येईल असं वाटलं आणि हसूही आलं. महिनाभर ती समजत होती की हा आपल्याला टाळतोय, आणि हा बापडा तिच्या होकाराची वाट बघत बसला होता! एवढं हलकं तिला सासरी आल्यापासून वाटलं नव्हतं.

फाटा दिसायला लागला. तिथून थेट कुरुंद्यापर्यंत दुष्काळी कामात झालेला मुरमाचा रस्ता. डांबर आता थोडंच उरलं होतं. तिनं थैली उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"थैली काढली मी मधून," ती म्हणाली.

रस्ता मोकळा होता. शेळी नाही, बैलगाडी नाही, साधं कुत्रंसुद्धा नाही. तरी बुलेटनं मान खाली घातली. अनुसूया पुढं सरकली ती त्याच्या पाठीला जाऊन टेकली, आणि गाडी पुन्हा पळायला लागली तरी लगेच मागं झाली नाही.

कुरुंदा आलं तसा तिनं पदर डोक्यावर घेतला आणि थैली पुन्हा मध्ये ठेवली. दारात गंगूताई उभीच होती. डावी चप्पल दबली, गाडी गुमान थांबली.

ताईनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाव्हण्यांना ओसरीवर बसवलं आणि बहिणीला हाताला धरून चुलीपाशी ओढत नेलं.

"कसा हाय गं माणूस?"

"दोन ब्रेक हायेत त्यायला."

"बया, गाडीचं कोण इचारतंय? मी माणसाचं इचारून राहिले."

"माणसाचंच सांगून राहिले मी," अनुसूया म्हणाली.