शेंदराचे अकरा थर

बॉनेटखाली जिथे चेसिस नंबर असायला हवा, तिथे रुपयाच्या दोन नाण्यांइतका जाड शेंदूर होता आणि ब्लेडने त्याची कड कापल्यावर अकरा थर स्पष्ट मोजता आले.

जिंतूरचं गिऱ्हाईक उद्या येणार होतं. जुनी फियाट नव्याने नोंदवायची, तर त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला छाप अर्जाला लागतो. नंबरच नसेल, तर गाडी चोरीची ठरणार. गाडीचे मालक व्यंकटराव यांचा संशय ती दुरुस्त करणाऱ्या मुंजाजी मिस्त्रीवर होता.

“आधी नंबर घासलास अन् वरून शेंदूर फासलास, व्हय रे?”

“साहेब, लपवायचंच असतं तर आमी रंग मारला असता. शेंदूर कोण लावतंय?”

दसऱ्याला गाडीची पूजा घरातलं एकच माणूस करायचं. व्यंकटरावांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या पत्नी अंबाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

“अगं, एवढी गाडी सोडून नेमका इथंच शेंदूर?”

“रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं दर दसऱ्याला तुमी ‘औंदा विकून टाकू’ म्हणायलात. नंबर दिसला न्हाई तर गाडी विकता येत न्हाई, हे मुंजाजीनंच सांगितलं होतं मला.”

मुंजाजी खाली बघून हसला. अंबाबाईंनी कप त्याच्या हातात दिले आणि जन्मभर शेजारच्या सीटवर बसलेली ती बाई पहिल्यांदाच स्टिअरिंगमागे जाऊन बसली.



“विकायची न्हाई. मला चालवायला शिकवा.”