गाठीचे टोक

टेबल टेनिसच्या टेबलावरची जाळी काढली की ते एका माणसाला पुरून उरते. पेशंटकाका त्यावर उताणे पडले होते आणि शिंपी त्यांचे दोन्ही घोटे एकत्र बांधत होता.

इमारतीच्या तळघरात, सायकली ठेवायच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी प्रथमोपचाराचा वर्ग भरे. शिकवणाऱ्या सिस्टर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. ज्यांच्यावर शिकवायचे ते त्यांचे यजमान. यजमानांचे खरे नाव टपालपेटीवर होते. वॉचमनपासून सगळी इमारत मात्र त्यांना पेशंटकाका म्हणे.

"मांडीचं हाड मोडलंय," सिस्टर म्हणाल्या. "उजवा हातही मोडलाय."

"डावा तरी ठेवा त्यांना," तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या.

"डाव्या खांद्याला मार आहे. जिन्यावरून पडलेत."

"काका, खाली बघून चालत जा हो," शिंपी म्हणाला. वर्ग हसला.

डावा हात रुंद पट्टीने छातीशी आवळला गेला.

"बांधायला फळी मिळाली नाही, तर?" सिस्टरांनी विचारले. "रुग्णाचा चांगला पाय हीच फळी. मोडका पाय त्याला बांधायचा."

"म्हणजे चांगलाही अडकला."

"अडकतो, आजी. त्याला इलाज नाही."

काकांचा फोन खिशात टोचत होता म्हणून शिंप्याने तो काढून टेबलावर, त्यांच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर ठेवला होता. काका मान वळवून त्याच्याकडे बघत होते. सहाच्या आत वेधशाळेतून फोन येणार होता. डोंगरावरच्या केंद्रात यंत्रे दुरुस्त करणारा माणूस हवा होता, दोन वर्षांसाठी. राहायला एकट्यापुरती खोली होती. निवृत्त होईपर्यंत काकांनी हेच काम केले होते. 'हो' म्हटले की जागा त्यांची; सहा वाजून गेले की दुसऱ्याला विचारणार. गुरुवारी त्यांनी हे घरात सांगितले तेव्हा सिस्टर बँडेजच्या गुंडाळ्या करत होत्या. "शनिवारचा वर्ग होऊ दे," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

"झोळी आजी घालतील," सिस्टर म्हणाल्या. "गाठ मी बांधते."

उजव्या हाताला पुठ्ठ्याची फळी आधीच बांधली होती; तिकोनी कापडाची झोळी त्या हाताखालून गेली. तिची दोन टोके मानेपाशी भेटली आणि सिस्टरांनी ती गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात बांधली. ही गाठ सपाट बसते, ओझ्याने सरकत नाही. तिच्यात जादू काही नाही. कापडावर कापड घासते, तेवढेच. एक टोक उलट दिशेला ताठ ओढले की घर्षण संपते आणि गाठ मोडते. हे सगळे बाणांसह दाखवणारा तक्ता समोरच्या भिंतीवर होता. तो काकांनीच काढला होता.

फोन वाजला.

"काकांचा फोन," शिंपी म्हणाला.

"पेशंट कुठे फोन घेतो?" आजी म्हणाल्या. वर्ग पुन्हा हसला.

"महत्त्वाचा आहे," काका म्हणाले.

"बोलतोय म्हणजे कुठंतरी सैल राहिलंय, सिस्टर," शिंपी म्हणाला.

सिस्टर वाकल्या. पडद्यावरची अक्षरे त्यांनी चष्मा वर करून वाचली. "वेधशाळा," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी उचलला नाही, बंद केला नाही, दूरही सारला नाही. हात मागे बांधून त्या टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे पाहू लागल्या. विद्यार्थी काय करतो ते पाहावे, तशा.

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. मग तक्त्याकडे. फोन थरथरत पुठ्ठ्याच्या फळीला येऊन टेकला. त्याची थरथर त्यांना मोडलेल्या हातात जाणवत होती. त्यांनी एकदा ओठ हलवले. मग डोळे मिटून घेतले.

फोन थांबला.

"परत करतील हो," शिंपी म्हणाला. "काम असलं की लोक दोनदा करतात."

"आता सोडवायचं कसं ते बघा," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "कात्री लागत नाही. हे टोक. हे मी हनुवटीजवळ मोकळं ठेवते, मुद्दाम. मदत आली नाही तर रुग्णाला ते दातांत धरून ओढता येतं."

त्यांनी दोन बोटांनी टोक ओढले. गाठ लगेच सुटली. झोळी काकांच्या छातीवर पसरली आणि उजवा हात मोकळा झाला.

आजींनी आधी टोकाकडे पाहिले, मग काकांच्या तोंडाकडे. "एवढं जवळ होतं? मग ओढलं का नाही हो?"

"त्यांना विचारा," सिस्टर म्हणाल्या, आणि झोळीची घडी घालू लागल्या.

सायकलींच्या वरच्या घड्याळात सहाला अजून थोडा अवकाश होता. काकांनी बोटे उघडमीट केली. मग मोकळ्या हाताने त्यांनी फोन टेबलाच्या दुसऱ्या कडेला सारला, पुढे बांधायला येणाऱ्याच्या कोपराला अडचण नको म्हणून. आणि तो हात पुन्हा छातीवर आडवा ठेवला, पंजा कोपरापेक्षा किंचित वर, तक्त्यात दाखवल्याप्रमाणे.

"पुढे कोण?" ते म्हणाले.